भाषेचा रकाना

बेळगावच्या जुन्या कचेरीत, मागच्या खोलीत,
जिल्ह्यातल्या मंत्रांची नोंद मी ठेवतो.
हिरवं रजिस्टर, सात रकाने:
नाव, गाव, कशावर चालतो, कुणाकडून आला,
किंमत काय पडते, मागे कधी वापरला,
आणि शेवटचा, भाषा.

जांबोटीचा फोंडू गावडा आला, खिशात मेण.
आमच्यात बोलायचं नसतंय, म्हणाला,
पोळ्याखाली उभं ऱ्हायचं श्वास धरून.
माशी पापणीवरनं चालत गेली की समजून घेती
कुणाच्या मळ्यात जायचं, कुणाच्या नाही.
किंमत विचारली तर डावा कान पुढे केला.
मी कानाला कान लावला.
आत एक दुपार गुणगुणत होती, दुसरं काही नाही.
सातव्या रकान्यात आडवी रेघ ओढली.
मौनाला वरचे हरकत घेत नाहीत.

वडगावची नीलव्वा ढवळी, मागावरची बाई.
ती गाठी मारते: तापाची, चोराच्या पावलाची,
एका चैत्रात जोंधळ्यावर आलेल्या गारांची.
बांधलेलं मरत नाही, सांभाळावं लागतं.
पदराला एक्केचाळीस गाठी, तोच नेसून बसलेली.
पंखा बंद कर बाळा, म्हणाली,
गारांची गाठ जरा ढिली आहे.
मे महिना होता. मी पंखा बंद केला.

निपाणीचा मौला अत्तार
बशीत केशराच्या पाण्यानं अक्षर लिहितो, धुऊन पाजतो.
दिलेलं अक्षर महिनाभर त्याला दिसत नाही.
त्या आठवड्यात 'ब' गेला होता.
बसस्टँडची पाटी त्याला भलतीच दिसली,
उतरला थेट हिरेबागेवाडीला,
तिथून उलटा आला, घामाघूम, आणि अंगठा उठवला.

मग ती दोघं.
कक्केरीकडची, एकाच बांधाच्या दोन बाजूंची:
रवळू देसूरकर आणि शिवबसव्वा कम्मार.
पाटाच्या पाण्यावरून एकोणीस वर्षं अबोला.
बाकावर बसली, मध्ये तिसरा बसेल एवढी जागा सोडून.
विंचवाचा मंत्र, अकरा ओळी.
सहा त्याच्या आजोळच्या, पाच तिच्या सासरच्या.
त्याची ओळ 'उतर'वर संपते, तिची 'इळि'वर.
विष कन्नडात चढतंय, तो म्हणाला,
म्हणून मराठीत उतरवावं लागतंय.
तिनं तेच उलटं सांगितलं, भिंतीकडे बघत, कन्नडात.

नियम चौदा: प्रात्यक्षिक आवश्यक.
बोट नोंदणी कारकुनाचं.
बिस्किटाचा डबा त्यांनी बरोबर आणलाच होता.

करंगळीतून कोपरापर्यंत कुणीतरी तापली तार ओढली.
त्यानं सुरुवात केली.
तिनं त्याची ओळ जमिनीवर पडू दिली नाही,
श्वास संपायच्या आत आपली लावली.
मी ओळी मोजत होतो, मोजायला दुसरं काही नव्हतं.
आठवीनंतर ती थांबली.
तार खांद्याशी आली.
तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला, काही बोलला नाही,
नुसता वळला.
नववी आली.

विष मेलं नाही. वाटलं गेलं.
रवळूनं आपली करंगळी मुठीत घेतली,
शिवबसव्वानं आपली तोंडात.
पाचव्या रकान्यात मी लिहिलं: एकतृतीयांश, प्रत्येकी.
जाताना जिन्यावर दोघांचं भांडण ऐकू आलं,
पाटाच्या पाण्यावरूनच,
पण भांडण होतं, म्हणजे बोलणं होतं.

सातवा रकाना कोराच राहिला.
परिपत्रक म्हणतं, एका मंत्राला एकच भाषा,
नाहीतर नोंद रद्द.
वरून पत्र आलं आहे: रिकाम्या जागेचा खुलासा करावा.
उत्तराचा मसुदा अजून ड्रॉवरमध्ये आहे,
त्याच्या शेजारी तो बिस्किटाचा डबा.
ती दोघं विसरून गेली.

दुपारी कचेरी पेंगते तेव्हा
पत्र्यावर आतून नखं चालल्यासारखं ऐकू येतं,
आणि माझी करंगळी
कुठल्या भाषेत कोण जाणे, त्याला उत्तर देते.